‘निरर्थक’ रकान्यातले फोन

मानसिक ताणात असलेल्यांचे फोन घेणाऱ्या पुण्यातील एका स्वयंसेवी हेल्पलाइनवर मी सहा वर्षे आठवड्यातून एक पाळी करीत असे. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते काहीसे गाऱ्हाणे आहे आणि ते एकट्या त्या संस्थेचे असेल असे मला वाटत नाही. फोनशेजारी एक लांबट वही असे. तारीख, वेळ, फोन किती मिनिटे चालला, विषय कौटुंबिक होता की परीक्षेचा की कर्जाचा, आत्महत्येची जोखीम कमी, मध्यम की जास्त, अशा नोंदी झाल्यावर शेवटी एक अरुंद रकाना होता आणि त्याचे शीर्षक होते ‘निरर्थक’. चुकून लागलेले फोन, अश्लील बोलणाऱ्यांचे फोन आणि पलीकडून कोणी एक शब्दही न उच्चारलेले फोन, हे सगळे त्या एकाच रकान्यात जमा होत. महिनाअखेरीच्या बैठकीत हे निरर्थक फोन वजा करून उरलेला आकडा फळ्यावर लिहिला जाई, आणि तो मागील महिन्यापेक्षा मोठा असला की काम चांगले चालले आहे असे आम्ही मानत असू.

न बोलणाऱ्या फोनांना आम्ही आपसांत ‘शांत कॉल’ म्हणत असू. पलीकडे कुकरची शिट्टी, दुसऱ्या खोलीतला टीव्ही, कधी नुसता श्वास ऐकू येई. पहिल्या काही महिन्यांत मी दोन वेळा ‘हॅलो’ म्हणून फोन ठेवून देत असे. पुढे एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी शिकवले की ठेवायचा नाही. ‘मी इथेच आहे, घाई नाही’ एवढे म्हणायचे आणि थांबायचे. तसे थांबल्यावर काही जण बोलू लागले. त्यांतल्या काहींनी आपणहून सांगितले की याआधी तीन-चार वेळा फोन लावला होता, आवाज ऐकला आणि कापला. म्हणजे आमच्या वहीत ज्यांची नोंद निरर्थक म्हणून झाली होती, ती माणसे धीर गोळा करीत होती. त्यांच्याविषयी याहून अधिक काही लिहिणार नाही. फोनवर ऐकलेले फोनवरच राहावे, हा नियम पाळी सोडल्यावरही सुटत नाही.

ही वही आज आठवण्याचे कारण आहे टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन. १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात राष्ट्रीय टेलि-मानसिक आरोग्य कार्यक्रमाची घोषणा केली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. १४४१६ हा पाच आकडी निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. मानसिक आरोग्यावर काम करणारी बंगळुरूची निम्हान्स ही या कार्यक्रमाची मध्यवर्ती संस्था आहे आणि तंत्रज्ञानाची बाजू त्याच शहरातील आयआयआयटी ही माहिती तंत्रज्ञान संस्था सांभाळते. फोन प्रथम राज्यातील कक्षात बसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. गरज भासल्यास तो मानसोपचारतज्ज्ञाकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवरील डॉक्टरांकडे सोपविला जातो. त्याआधी, सप्टेंबर २०२० मध्ये, सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘किरण’ नावाची हेल्पलाइन सुरू केली होती. पण राज्या-राज्यांतील कक्ष आणि त्यांच्या मागे उभी केलेली उपचारांची साखळी या दोन्ही बाबतींत टेलि-मानसचा पसारा कितीतरी मोठा आहे. मी या उपक्रमाची बाजू घेणारी आहे, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही संध्याकाळचे सहा तास फोन उघडा ठेवण्यासाठी स्वयंसेवकांच्या मागे लागत असू. येथे सरकारने रात्री तीन वाजताही फोन उचलणारा माणूस बसविला आहे, आणि तोही वीस भाषांमध्ये.

फेब्रुवारी २०२५ पर्यंत ५३ कक्षांनी मिळून १८ लाखांहून अधिक फोन हाताळले, असे सरकारने सांगितले. संसदेतील जी उत्तरे माझ्या वाचनात आली त्यांत कक्षांची संख्या, भाषांची संख्या, फोनांची एकूण संख्या आणि निधी एवढेच असते. निधीचे आकडे २०२२-२३ साठी सुमारे १२१ कोटी, २०२३-२४ साठी सुमारे १३४ कोटी आणि २०२४-२५ साठी ९० कोटी असे आहेत, म्हणजे फोनांचा आकडा वाढत असताना तरतूद मात्र खाली आली. पण मला अधिक खटकतो तो ‘हाताळले’ हा शब्द. १८ लाखांना साडेआठशे दिवसांनी भागले तर दिवसाला एकवीसशेच्या आसपास फोन येतात, आणि ५३ कक्षांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाकाठी चाळीस. (सुरुवातीला कक्ष कमी होते आणि फोनही कमी होते, त्यामुळे ही सरासरी ढोबळ आहे.) या चाळिसांत शांत कॉल धरले आहेत का? एकाच व्यक्तीचे सात फोन हे सात धरले आहेत की एक? भाषा निवडण्याचा आकडा दाबता दाबता ज्याने फोन ठेवला तो कोठे गेला? अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये आत्महत्या प्रतिबंधासाठी ९८८ हा तीन आकडी क्रमांक सुरू झाला, आणि तेथे किती संपर्क आले, किती उचलले गेले, किती मध्येच तुटले आणि उत्तर मिळायला सरासरी किती सेकंद लागले याचे आकडे दर महिन्याला सर्वांसाठी खुले केले जातात. हे करण्यासाठी फार मोठे संशोधन लागत नाही. ज्या यंत्रणेवर फोन येतो तिच्यात ही नोंद आपोआप होतच असते.

मूल्यमापन म्हटले की बहुतेक लोक थेट शेवटचा प्रश्न विचारतात: आत्महत्या कमी झाल्या का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केल्या आणि २०२२ मध्ये १,७०,९२४ जणांनी. त्यांपैकी २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातील आहेत, म्हणजे दिवसाला बासष्ट, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. हे आकडे पुढे ठेवून कोणी म्हणेल की हेल्पलाइनचा काही उपयोग नाही, तर तो अन्याय होईल. मृत्यूंचा हा आकडा पाऊस, शेतमालाचे भाव, कर्ज, दारू, रोजगार, घरातील मारहाण अशा अनेक गोष्टींनी वरखाली होतो. शिवाय पोलिसांच्या कागदावर ‘अपघाती मृत्यू’ किती जातात यानेही तो बदलतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते उद्दिष्ट साधले तरी त्याचे श्रेय एका फोन क्रमांकाला देता येणार नाही, आणि हुकले तरी त्याचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही.

मात्र त्याच अहवालाचा दुसरा एक उपयोग करता येतो आणि तो कोणी फारसा करीत नाही. २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्यांपैकी २६.४ टक्के लोक रोजंदारीवर काम करणारे होते आणि २५,००० हून अधिक गृहिणी होत्या. फोन करणाऱ्यांमध्ये या दोन गटांचे प्रमाण किती, हे या आकड्यांशेजारी मांडून पाहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के निघाले. उरलेल्या जणींच्या हाती फोन आला तरी तो नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि त्यात १४४१६ हा क्रमांक लावल्याची नोंद राहते. ती नोंद पुसायची कशी, हे मी स्वतः फोनवर समजावून सांगितलेले आहे. त्यामुळे कोणत्या गटातून फोन येतच नाहीत, हा प्रश्न येणाऱ्या फोनांच्या मोजदादीइतकाच महत्त्वाचा ठरतो. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राबविलेल्या, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच्या प्रेरणा प्रकल्पात हेल्पलाइनच्या जोडीला आशा सेविकांनी घरोघर जाऊन चौकशी करायची अशी योजना होती. फोनची वाट न पाहता माणसाकडे जाणारी ती कल्पना मला आजही अधिक शहाणपणाची वाटते.

हेल्पलाइनचे खरे मूल्यमापन फोन उचलल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत काय घडते येथे सुरू होते. याबाबत उत्तर अमेरिकेत झालेले दोन अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. दोन्ही २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रायन मिशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ केंद्रांवरील २,६११ फोन मुकाट्याने ऐकले. आपले बोलणे कोणी ऐकत आहे हे ठाऊक असलेला समुपदेशक जसा वागतो, तसा तो रोज वागेलच असे नाही, म्हणून ही पद्धत. त्यांना असे आढळले की ज्या १,४३१ फोनांचे बारकाईने विश्लेषण झाले त्यांपैकी ७२३ फोनांत समुपदेशकाने आत्महत्येच्या विचाराबद्दल प्रश्नच विचारला नव्हता. आत्महत्या प्रतिबंधासाठी चालविलेल्या लाइनवर, निम्म्या फोनांत! पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ नुसती बसले, कारण मलाही असे किती फोन आठवत होते. दुसरा निष्कर्ष त्याहून जिव्हारी लागणारा होता. सहानुभूती, आदर, आणि फोन करणाऱ्याच्या बरोबरीने मार्ग शोधण्याची पद्धत यांचा चांगल्या परिणामाशी संबंध दिसला. केवळ ‘सक्रिय श्रवणा’चा दिसला नाही. १९५३ मध्ये चॅड व्हारा यांनी लंडनमध्ये समॅरिटन्सची सुरुवात केली तेव्हापासून स्वयंसेवी हेल्पलाइनची जी परंपरा आली आहे ती सल्ला न देता ऐकण्याची आहे आणि आमचे सारे प्रशिक्षण त्याच मुशीतले होते. ‘फक्त ऐका’ हे मी नव्या स्वयंसेवकांना किती वेळा सांगितले असेल!

दुसरा अभ्यास मॅडलिन गूल्ड यांच्या गटाचा. त्यांनी आठ केंद्रांवरील १,०८५ अशा व्यक्तींची फोनच्या सुरुवातीची आणि शेवटची मनःस्थिती नोंदविली ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते. फोन संपेपर्यंत निराशा आणि मनाची वेदना कमी झालेली दिसली. काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी ३८० जणांशी पुन्हा बोलता आले, तेव्हा ‘त्या फोनचा काय उपयोग झाला’ या मोकळ्या प्रश्नाला ११.६ टक्के लोकांनी उत्तर दिले की त्या फोनमुळे आपण स्वतःला इजा करण्यापासून किंवा जीव देण्यापासून थांबलो. ही चव्वेचाळीस माणसे झाली. पण त्याच ३८० जणांपैकी ४३ टक्क्यांच्या मनात फोननंतरही ते विचार येऊन गेले होते आणि सुमारे ३ टक्क्यांनी प्रयत्नही केला होता. या दोन्ही बाबी एकाच अहवालात शेजारी शेजारी छापल्या गेल्या, याचे मला अप्रूप वाटते. आपल्याकडे असा अहवाल कोणी केलाच, तर पहिली टक्केवारी जाहिरातीत जाईल आणि दुसरी परिशिष्टात, अशी मला धास्ती आहे.

प्रश्न विचारला गेला की नाही हे तपासणे इंग्रजीत सोपे असेल, मराठीत ते तितके सोपे नाही. ‘आपल्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत शोभते. रात्री अकरा वाजता रडणाऱ्या बाईला ते विचारले तर पोलीस चौकीतून फोन आल्यासारखे वाटते. लोक स्वतः तो शब्द क्वचितच वापरतात. ‘जीव नकोसा झालाय’, ‘आता कशात राम राहिला नाही’, ‘सुटावंसं वाटतं’, ‘मी गेले की सगळ्यांचीच कटकट मिटेल’, असे ते बोलतात. याच्या उत्तरादाखल आपल्या तोंडून पटकन निघतो तो सोज्ज्वळ प्रश्न: ‘काही बरंवाईट करायचा विचार तर नाही ना?’ या वाक्यात दोन दोष आहेत. ‘बरंवाईट’ हा शब्द विचारणाऱ्यालाही लपायला जागा देतो आणि उत्तर देणाऱ्यालाही. आणि ‘नाही ना?’ ही शेपटी समोरच्याकडून ‘नाही’च वदवून घेते. बऱ्याच चुकांनंतर मी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारू लागले. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा तर पलीकडून सुस्काराच ऐकू येतो, कारण तो शब्द अखेर दुसऱ्या कोणीतरी उच्चारलेला असतो.

शेतकरी घरातील माणूस ‘औषध’ म्हणतो तेव्हा तो डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांविषयी बोलत नसतो. फवारणीच्या द्रव्याला गावात औषधच म्हणतात. शहरात वाढलेल्या समुपदेशकाला हे ठाऊक नसेल, तर सर्वांत धोक्याचे वाक्य त्याच्या कानावरून नुसते निघून जाईल आणि कदाचित तो ‘वेळेवर घेत जा’ असेही म्हणून बसेल. तेव्हा सेवा वीस भाषांत आहे या आकड्याने माझे समाधान होत नाही. धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा किंवा अकोल्याचा वऱ्हाडी बोलणारा माणूस सरकारी आवाज ऐकताच प्रमाण मराठीत शिरतो, आणि त्या मराठीत त्याला तक्रार अर्ज लिहिता येतो पण दुःख सांगता येत नाही. फोन ऐकून गुण देणारे परीक्षक त्या त्या भागातील बोली जाणणारे असावेत, ही माझ्या लेखी मूल्यमापनाची प्राथमिक अट आहे.

पोलिसांचे नाव वर आलेच आहे, म्हणून तेही सांगते. ‘तुम्ही पोलिसांना कळवणार का?’ हा प्रश्न आम्हांला सतत येई. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरविणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ तसे उरलेले नाही. सरकारी सेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. पण कायदा बदलला तरी भीती लगेच बदलत नाही. जीव तत्काळ धोक्यात असेल तर मदत पाठविणे आवश्यकच आहे, परंतु अशी मदत किती वेळा पाठविली, संमतीने पाठविली की संमतीविना, आणि त्यानंतर त्या व्यक्तीने पुन्हा कधी फोन केला का, याचा हिशेब नावगाव वगळून प्रसिद्ध झाला तर लोकांचा विश्वास वाढेल की घटेल? मला वाटते वाढेल.

फोन ठेवल्यानंतरचे काम मात्र सर्वांत अवघड आहे, आणि टेलि-मानसची खरी कसोटी तेथेच लागणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच ठिकाणी झालेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चेन्नईचाही समावेश होता. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यासोबत तासाभराची माहिती आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोनवरून किंवा प्रत्यक्ष भेटून विचारपूस. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील आत्महत्येने झालेले मृत्यू २.२ टक्के होते आणि दुसऱ्यातील ०.२ टक्के. कोणतेही महागडे औषध नाही, नवे यंत्र नाही, कोणीतरी ठरल्या दिवशी ‘कशा आहात?’ म्हणून विचारले एवढेच. असे असताना आपल्या येथील फॉलो-अप कॉलची गणना कोठे दिसते? समुपदेशकाने ‘जिल्हा रुग्णालयात जा’ म्हटले की तो फोन सोपविला गेला असे धरले जाते. पण ती व्यक्ती तेथे पोहोचली का, त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ होते का, हे पाहिले जाते का? देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञही धड नाहीत. मेळघाटातल्या माणसाला अमरावतीचा रस्ता दाखविला आणि एका दिवसाची मजुरी बुडवून तो खरोखर गेला, पण केसपेपर काढून तसाच परतला, तर पुढच्या वेळी तो १४४१६ लावणार नाही. त्याचा न आलेला फोन कोणत्याही संगणकात नोंदला जात नाही.

सेवा पडताळून पाहण्यासाठी खोटा रुग्ण बनून फोन करायची कल्पना काही जण सुचवितात. पत्रकारांनी तसे करून बातम्या दिल्याचेही पाहिले आहे. मी स्वतः हा लेख लिहिण्यासाठी तसा फोन केला नाही. माझ्या वीस मिनिटांच्या नाटकात ती लाइन दुसऱ्या कोणासाठी व्यस्त राहिली असती, आणि पलीकडे बसलेल्या मुलीने किंवा मुलाने माझ्या बनावट दुःखाचा भार घरी नेला असता. समुपदेशकांचे पगार, करार, रात्रपाळ्या आणि त्यांचे मन मोकळे करायला कोणी वरिष्ठ आहे की नाही, हेही मूल्यमापनातच यायला हवे. वर्षभरात निम्मे लोक नोकरी सोडत असतील तर प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी फोनवर कायम नवखाच माणूस बसलेला राहील.

आमच्या वहीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या ज्येष्ठ ताईंनी आणि मी मिळून दोन-तीन बैठकांत वाद घातला. नोंदवह्या छापून आलेल्या आहेत, आता मध्येच रकाने बदलता येणार नाहीत, असे आम्हांला सांगण्यात आले. मग आम्ही आमच्या पाळीपुरते ‘निरर्थक’वर पेनाने काट मारून खाली ‘शांत’ असे लिहू लागलो आणि त्यापुढे मिनिटे टाकू लागलो. बाकीच्या पाळ्यांनीही हळूहळू ते उचलले. नवी वही छापायची वेळ आली तेव्हा छापखान्यात जुनीच प्रत नमुना म्हणून गेली. छपाई करणाऱ्याने दोन्ही शब्द पाहिले आणि कोणता ठेवायचा म्हणून फोन करून विचारले. तो फोन नेमका मीच उचलला होता.